पप्पांनी जोडून दिलेला कॉम्प्युटर

माझा नवरा मला मारायचा. रोज नाही. महिन्यातून एखाद्या वेळी, तेही दार लावून, त्यामुळे माझ्या माहेरी ते मारण्यात धरलंच जात नव्हतं. सांगलीकडच्या त्या गावातून मी बॅग उचलून बोईसरला आले तेव्हा आईने पाणी दिलं आणि पप्पांनी विचारलं, "किती दिवसांची रजा?" रजा! मी काय तिकडे नोकरीला होते? मी म्हटलं, "आता परत जाणार नाही." टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. हे मला शाळेची सहल मागितल्यापासून माहीत आहे.

पप्पा लग्नाआधीच घाट उतरून इकडे आले, तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. इन्स्ट्रुमेंट खातं. गेज, मीटर, अलार्म आणि त्यांच्या वायरी. बिघाड शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही असं सगळी बिल्डिंग म्हणायची, आणि ते ऐकताना पप्पा असे काही दुसरीकडे बघायचे की अजून एकदा म्हणावं. शेजाऱ्यांचा मिक्सर, गीझर, देवळातला लाऊडस्पीकर, सगळं आमच्या दारात. बायकोच्या, पोरीच्या आत काय बिघडलंय हे मात्र त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही.

मला काम मिळालं ते माझ्या आवाजावर. मुंबईची एक संस्था शाळेचे धडे मराठीत वाचून घ्यायची, ज्या मुलांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. घरी बसून रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. आधी काही धडे नमुन्याचे. ते स्वच्छ आले तर कायमचं काम, आणि कायमचं काम म्हणजे पालघरला स्टेशनजवळ एक खोली, जी मी आधीच बघून ठेवली होती. छोटी, वर पत्रा, पण दाराला आतून कडी होती आणि ती कडी फक्त मी लावणार होते. धडे नापास झाले तर दिवाळीआधी मला सासरी नेऊन सोडायचं, असं घरात बोलणं चालू होतं. माझ्यासमोर नाही. स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आडून.

मी कॉम्प्युटर हप्त्याने घेते म्हटलं तर पप्पा चिडले. "विकत कशाला? मी जोडून देतो." आणि खरंच, माणूस महिनाभर त्यातच होता. बंद पडलेल्या एका कंपनीच्या ऑफिसमधला कॉम्प्युटरचा डबा भंगारवाल्याकडून आणला. भंगारवाला प्रत्येक वस्तूला "चालू माल है साहब" म्हणायचा आणि पप्पा ती वस्तू कानाजवळ हलवून परत ठेवायचे. मदरबोर्ड एकीकडून, डिस्क दुसरीकडून, वायरी घरातल्या डब्यातून. सुरू झाला तेव्हा आईने हळदीकुंकू वाहिलं आणि मी पप्पांच्या पाया पडले. लाज वाटते सांगायला, पण मला रडू आलं होतं. वाटलं, बोलत नाहीत, पण हे बघा, केलं की नाही माझ्यासाठी!

मी बेडरूमच्या कपाटाचं दार उघडून त्यावर दोन गोधड्या टाकल्या, मध्ये स्टूल घातलं, पंखा बंद केला आणि घामाच्या धारा पुसत वाचायला लागले. नवापूरहून मासे विकायला येणारी बाई दारात टोपली उतरवून आत डोकावायची. "ताई, तुमी येकट्याच कोनाशी बोलता? घरात तर कोनी नाय." मी म्हणायचे, "शाळेतल्या पोरांशी." ती म्हणायची, "पोरं पन दिसत नाय." आणि सुरमईचा भाव सांगायची.

वाचून झालं की ऐकायचं. पहिल्याच धड्यात घात. 'वनस्पतींच्या पानांमध्ये हरितद्रव्य असते' हे वाक्य मी स्पष्ट वाचलेलं, आणि ऐकू येत होतं, 'वनस्पतींच्या पानां' आणि मग एक खड्डा, आणि मग 'असते'. कुठे शब्दच खाल्लेला, कुठे एकच अक्षर तीनदा. आणि मधूनच सगळा डबा ठप्प. स्क्रीन गोठायची, बाण हलायचा नाही, आणि मग निळा पडदा येऊन आपोआप पुन्हा सुरू. नेम नाही. कधी सकाळभर गुण्यागोविंदाने चालायचा आणि शेवटच्या परिच्छेदाला मान टाकायचा. रोज बंद पडता तर बरं झालं असतं, निदान माणूस आशा तरी सोडतो.

संस्थेतल्या मॅडम फोनवर साखरेत घोळून बोलायच्या. "आवाज फार गोड आहे हो तुमचा, पण तुटतोय. ही मुलं फक्त कानांवर शिकतात. त्यांना तुटका धडा कसा द्यायचा?" बरोबरच होतं त्यांचं. मी हो हो करत फोन ठेवायचे आणि गोधडीत तोंड खुपसून शिव्या द्यायचे.

पप्पा कामाला लागले. त्यांची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर नक्की कशाने सुधारलं ते कळत नाही. त्यांनी आधी प्लग बदलला. मग अर्थिंग तपासलं. मग माइक. मग आतली रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवली. प्रत्येक वेळी मला एक परिच्छेद वाचायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. इथल्या हवेवर त्यांचा पहिल्यापासून राग. "एका बाजूने समुद्राचं मीठ, दुसऱ्या बाजूने कंपन्यांचा गॅस. तांबं टिकतंय कुठे इथे! आतून काळं पडतं." मी आत वाकून बघायला लागले की मला कोपराने बाजूला सारायचे. "एकाच्या हातातलं काम दुसऱ्याने बघायचं नाही." मी बाजूला व्हायचे. लहानपणापासून तेच करत आले होते.

एका शुक्रवारी मी बाजारातून आले तर डबा बंद करून, स्क्रू लावून, वरून फडकं मारून ठेवलेला. पप्पा म्हणाले, "वाच." मी वाचलं. अख्खा धडा. एक अक्षर तुटलं नाही. दुसरा वाचला, तोही स्वच्छ. मी विचारलं, "काय होतं?" तर म्हणाले, "चालतंय ना? मग चौकशा कशाला?" त्या आठवड्यात माझे दोन धडे पास झाले. मॅडम म्हणाल्या, "आता अजून एक असाच द्या, की झालं." रात्रीच्या जेवणाला मी इतकी बडबडले की भात गार झाला. "पप्पा, दिवाळी मी पालघरला करणार. आई, तू ये, तुला खोली दाखवते." आईने माझ्या ताटात अजून एक पोळी टाकली. पप्पा म्हणाले, "छान."

पुढच्याच धड्याला खड्डे परत आले. पहिल्यापेक्षा जास्त.

माझं तर अवसानच गेलं. मी पप्पांपुढे अक्षरशः हात जोडले, आणि पप्पांनीही कसर ठेवली नाही. रोज संध्याकाळी डब्यासमोर पाट घेऊन बसायचे. पंख्याची धूळ फुंकली. रॅम पुन्हा घासली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. एक बदल, एक परिच्छेद, मग दुसरा बदल. मी वाचायचे, ते मान हलवायचे. "नाही. अजून आहे." मी त्यांना चहा करून द्यायचे. त्यांचं अंग आखडायचं म्हणून पाठीमागे उशी ठेवायचे.

पण तोंडाने ते आता वेगळंच बोलायला लागले होते. "तू हात लावलास की बंद पडतो. माझ्या हाताखाली नाही पडत." हे आधी मला ऐकवलं, मग आईला, मग जिन्यात शेजाऱ्यांना. वरच्या मजल्यावरचे काका मिक्सर दुरुस्तीला घेऊन आले होते, त्यांच्यासमोर हसत हसत म्हणाले, "हिचं कुठेच टिकत नाही बघा. ना सासर, ना कॉम्प्युटर." काका हसले. त्यांना हसावंच लागलं, मिक्सर फुकटात होणार होता. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि नळ मोठा सोडून भांडी आपटली. आई म्हणाली, "हळू, फुटतील." मला वाटलं, फुटू देत सगळी.

आणि खरं सांगायचं तर मला ते पटायलाही लागलं होतं. इतक्या हुशार माणसाला बिघाड सापडत नाही म्हणजे तो माझ्यातच असणार. मी बटण कसं दाबते, स्टूलवर कशी बसते, श्वास कुठे घेते. मी दोन दोन वेळा हात धुऊन की-बोर्डला हात लावायचे. माणूस कुठवर जातो बघा.

मॅडमचा साखरेचा साठा संपला. "ताई, मला वर उत्तर द्यावं लागतं. हा शेवटचा धडा. सोमवारी संध्याकाळपर्यंत. तुटला तर मी दुसऱ्या कुणाला देते, मनाला लावून घेऊ नका." सोमवारी पप्पा सकाळीच आवरून बाहेर पडले, बँकेत काम आहे म्हणाले. आई चकल्यांची भाजणी दळून आणायला गेली. मी गोधडीत शिरले. पाण्याच्या वाफेचा धडा होता. तीन पानं मी अशी वाचली की माझं मलाच कौतुक वाटलं. आणि शेवटच्या ओळीला, अगदी शेवटच्या, स्क्रीन गोठली. निळी झाली. सगळं गेलं.

डोक्यात अशी सणक गेली! मी प्लग उपटला, पप्पांच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डब्याचं झाकण काढलं. काही कळत होतं म्हणून नाही. फोडायला निघाले होते म्हटलं तरी चालेल.

आत डिस्कपासून बोर्डापर्यंत जाणारी एक चपटी वायर होती. तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलेली.

ही टेप आमच्या घरात कोणालाही विचारा. कंपनीत त्यांचा नियम होता की खराब निघालेली वस्तू लाल टेप लावल्याशिवाय हातातून खाली ठेवायची नाही. नाहीतर दुसऱ्या पाळीचा माणूस ती चांगली समजून बसवतो आणि कुणाचा तरी जीव जातो. ती सवय पप्पांनी घरी आणली. संपलेल्या सेलला लाल टेप. उडालेल्या बल्बला लाल टेप. माझ्या कंपासमधल्या मोडक्या कर्कटकाला लाल टेप, आणि वर्गातली पोरं हसायची. आई म्हणायची, मी म्हातारी झाले की मलाही लावतील. मी बॅग घेऊन परत आले तेव्हा मला कशी लावली नाही कोण जाणे.

चांगल्या वस्तूला या माणसाने आयुष्यात कधी लाल टेप लावली नाही. आणि खराब म्हणून टेप लावलेली वस्तू कधी कशात बसवली नाही. मी वायर ओढून काढली. टोकांच्या आतलं तांबं काळं कुळकुळीत.

म्हणजे त्या शुक्रवारी त्यांनी बिघाड शोधला होता. वायर काढली होती, सवयीने टेप लावली होती, दुसरी घातली होती. म्हणून तो आठवडा नीट गेला. आणि मग ही काढलेली वायर त्यांनी परत आणून बसवली. त्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळी, पाट घेऊन, डोळे मिटून, "नाही, अजून आहे" म्हणत माझ्या शेजारी बसले, माझ्या हातचा चहा पीत. अहो, नवऱ्याने मारलेलं मला समजत होतं. तो मारताना तरी मारतोय असं दाखवायचा.

नवी वायर शोधायला लागलीच नाही. पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात, पिशवीत, नीट गुंडाळी करून ठेवलेली. वस्तू फेकायची नाही हाही त्यांचाच नियम. मी ती दोन्हीकडे खोचली, प्लग लावला आणि डबा उघडाच ठेवून वाचायला बसले. आवाज कुठेच हलला नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. धडा पुरा झाला. ऐकला. पाठवला. तासाभरात मॅडमचा फोन, "अगं बाई, हा तर काचेसारखा आलाय!" काम माझं झालं होतं.

पप्पा आले तेव्हा मी हॉलमध्ये ती वायर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, बेडरूमच्या दारातून दिसणाऱ्या उघड्या डब्याकडे पाहिलं.

"झाकण कुणी काढलं?"

"मी."

"आधी प्लग काढलास का?"

"काढला. पप्पा, ही वायर खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"टेप लावलीय ना," ते म्हणाले. म्हणजे प्रश्नच काय आहे त्यात, अशा आवाजात.

"मग परत का घातलीत?"

त्यांनी चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, शर्टाच्या खिशातून दोन तिकिटं काढून टीव्हीवर ठेवली. सांगलीची. बँकेतलं काम ते हेच. "मी जावईबापूंना शब्द दिलाय. दिवाळीच्या आधी आणून सोडतो म्हणून."

"आणि मला?"

"तुला कॉम्प्युटर जोडून देतो म्हणालो होतो. दिला की."

मी ओरडले नाही. म्हटलं, "निदान टेप तरी काढायची होती." यावर मात्र ते खरोखर चिडले. एखाद्या शिकाऊ कामगारावर चिडावं तसे. "खराब वस्तूची टेप काढतात का कधी? अक्कल आहे का?"

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हटलं, "एक तिकीट रद्द करा आणि तुम्ही जा. राहा जावयाकडे. त्याला हात साफ करायला घरात कोणीतरी लागतंच." पप्पांचा चेहरा पांढरा पडला. बरं वाटलं मला. अजून वाटतं. ते बाथरूममध्ये गेले आणि पाय धुण्याचा आवाज यायला लागला.

आई स्वयंपाकघरात भाजणीचा डबा मांडीशी घेऊन बसली होती, सगळं ऐकून. मी तिच्या गळ्यात पडले आणि लहान पोरीसारखी रडले. म्हटलं, "तू चल माझ्याबरोबर. एका खोलीत दोघी राहू. या माणसाच्या घरात मला तुझ्याशिवाय कोणीच नव्हतं गं."

आईने माझे हात गळ्यातून सोडवले. पीठ चाळायला घेतलं. चाळता चाळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आल्यापासून मला जिन्यात तोंड काढता येत नाही. रोज कोणीतरी विचारतं, पोरगी कधी जाणार. ह्यांना तर मीच म्हटलं, काहीतरी करा."

मला कळलंच नाही. मी विचारलं, "काय म्हणालीस तू?"

"ह्यांना आत दिसत नाही हल्ली नीट," आई म्हणाली. "वायर परत घालताना बॅटरी मी धरली होती."